माळावरची चिकट पानं, आंब्यावरचं बांडगूळ आणि जोंधळ्यातला टारफुला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: "सप्टेंबरात मुलांना घेऊन कणकुंबीकडच्या माळावर गेलो होतो. दगडावरच्या ओल्या मातीत लाल, चिकट पानांची बारकी रोपं होती आणि त्यांना चिलटं चिकटून मेलेली. शेजारी निळी फुलं दाट फुललेली, पण त्यांना पानं कुठेच दिसेनात. झुडपाखालच्या गवतात नुसतं एक जांभळं फूल, ना पान ना हिरवं खोड. घरच्या आंब्यावर बांडगूळ वाढलंय आणि भावाच्या अथणीकडच्या जोंधळ्यात टारफुला. ही सगळी एकाच कुळातली का? जगतात कशी? यातलं काही शाळेत कुंडीत लावता येईल का? आणि बांडगूळ, टारफुला यांचं काय करायचं?"

बाई, कुळाचं आधी सांगतो. चिकट पानांचं रोप म्हणजे ड्रोसेरा, मराठीत दवबिंदू. निळी फुलं सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलेरिया. दोन्ही कीटकभक्षी, पण कुळं वेगळी. बांडगुळाचं कूळ तिसरंच. जांभळं फूल, वर्णनावरून, आयजिनेशिया इंडिका आहे. ते आणि टारफुला मात्र खरोखरच भाऊबंद, दोघंही ओरोबँकेसी कुळातले. एक तुम्हाला रानात बघून छान वाटलं आणि दुसरं भावाच्या रानात नकोसं झालं, पण दोघांचा धंदा एकच: दुसऱ्या झाडाच्या मुळांना चिकटून जगणं.

मुलांना शिकवताना "हे झाड काय खातं" इथून सुरुवात केली की गोष्ट सुरस होते, पण फार पुढे जात नाही. "या जागेत झाडाला काय मिळत नाही?" असं विचारायला लावा. विचित्र झाडाचा विचित्रपणा बहुतेक वेळा त्या एका टंचाईवरचा तोडगा असतो. तुमच्या कुंडीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे: रानातली टंचाई कुंडीत ठेवली नाही तर ही झाडं मरतात. खत घालून, चांगलं पाणी देऊन मरतात.

माळापासून सुरू करू. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा पट्टा जांभ्या दगडाचा. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरलेला, बाकीचं पावसानं धुऊन नेलेला दगड. त्यावर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. पाऊस बेळगाव शहराच्या कित्येक पट. नायट्रोजन पाण्यात विरघळून वाहून जातो, आणि स्फुरद असला तरी लोह-ॲल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतात की मुळांना तो सुटत नाही. जूनपासून तीन-चार महिने माती चिंब, मुळांना प्राणवायूची ओढाताण. डिसेंबरात तोच दगड कोरडा ठणठणीत. मोठं झाड इथे उभं राहत नाही, त्यामुळे सावली नाही आणि ऊन भरपूर. ऊन आणि पाणी मुबलक, पण नायट्रोजन-स्फुरद जवळजवळ नाही, अशाच जागी कीटक पकडणं झाडाला परवडतं. चिकट द्रव आणि पाचकरस तयार करायला साखर खर्च होते आणि साखरेसाठी ऊन लागतं. म्हणून दाट जंगलात, काळ्या कसदार मातीत ड्रोसेरा मिळणार नाही. तिथे गवत त्याला वाढू देत नाही.

ड्रोसेराला अन्न म्हणून किडा लागत नाही. साखर तो इतर हिरव्या झाडांसारखी स्वतः करतो. किड्यातून घेतो तो मुख्यतः नायट्रोजन आणि स्फुरद. मुलं हमखास चुकतात ती इथे.

या माळांवर दोन जाती सहज ओळखता येतात. ड्रोसेरा बर्मनी जमिनीला चिकटलेली चकती असते, पाच रुपयांच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी. ड्रोसेरा इंडिका उभी, वितीच्या आतबाहेर, दोऱ्यासारख्या लांब पानांची. दोन्हींच्या पानांवर देठासारखे केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला लाल गाठ, गाठीवर चिकाचा थेंब. चिलट बसलं की चिकटतं, सुटायला धडपडतं, आणि त्या धडपडीनंच आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकतात. बर्मनीच्या कडेचे लांब केस काही सेकंदांत वाकतात, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. इंडिकाला वेळ लागतो, पण तिचं पान शिकारीभोवती गुंडाळतं. मग त्याच गाठींतून आम्ल आणि प्रथिनं फोडणारे पाचकरस येतात. काही दिवसांनी केस उघडतात तेव्हा किड्याचं पोकळ टरफल उरलेलं असतं.

मुलांबरोबर तिथेच करण्याजोगा एक प्रयोग आहे. एका पानावर वाळूचा बारीक कण ठेवायचा आणि दुसऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. वाळूच्या कणानंही केस थोडे वाकतील, पण लवकर परत उघडतील. अंड्यावरचे मात्र दिवसेंदिवस मिटून राहतील. म्हणजे स्पर्श आणि नायट्रोजन या दोन वेगळ्या खुणा झाड वेगळ्या ओळखतं. पावसाचा थेंब पडला तर मात्र केस हलत नाहीत. माळावर जुलैत दिवसभर पाऊस पडतो, थेंबाथेंबाला मिटत बसलं तर झाडाला दुसरं काही सुचायचं नाही. अंड्याचा तुकडा मोठा झाला तर पान कुजतं आणि काळी बुरशी धरते. टाचणीचं डोकं म्हणजे टाचणीचंच डोकं. बघायला उघडीप हवी, सप्टेंबर-ऑक्टोबरातली सकाळ सगळ्यात बरी. धो धो पावसात चीक धुपतो आणि रोप साध्या लालसर पानांचं दिसतं.

सीतेच्या आसवांना पानं का नव्हती? असतात, पण अगदी बारीक, गवताच्या काडीसारखी, आणि फुलायच्या वेळेपर्यंत बरीचशी कुजून जातात. या झाडाला खरी मुळंही नसतात. मातीत पसरलेल्या धाग्यांवर पिशव्या असतात, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या, आणि सगळी शिकार तिथे, जमिनीखालच्या पाण्यात चालते. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर काढत राहते, त्यामुळे भिंती आत दबलेल्या असतात. तोंडाला झडप आणि झडपेजवळ केस. पाण्यातल्या सूक्ष्म जिवाचा केसाला धक्का लागला की झडप उघडते, भिंती फुगतात आणि पाणी जिवासकट आत ओढलं जातं, जसा औषधाचा ड्रॉपर दाबून पाण्यात धरला आणि सोडला. पाण्यात वाढणाऱ्या जातींत हे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होतं. वनस्पतींच्या हालचालींत यापेक्षा वेगवान फार थोड्या असतील. पुन्हा दाब तयार व्हायला अर्धा तास तरी जातो.

हे बघायला दहा पटींचं भिंग पुरतं. आख्खा ताटवा उपटायचा नाही. पाण्याच्या ओघळानं आधीच सुटलेला एखादा गुच्छ घ्यायचा, पांढऱ्या बशीत पाणी घालून माती हलवून हलवून सुटू द्यायची, ओरबाडायची नाही. पिशव्या मोत्याच्या कण्यांसारख्या लुकलुकतात. बघून झालं की गुच्छ तिथेच ओलीत ठेवा. याच निळ्या फुलांमध्ये पांढऱ्या टोप्यांचे गेंद दिसले असतील. ते कीटकभक्षी नाहीत, शेजारी आहेत इतकंच. झाडांच्या खोडावरच्या शेवाळात पांढुरकी इवली फुलं दिसली तर तीही बहुधा युट्रिक्युलेरियाचीच एक जात, स्ट्रायट्युला. तिला जमीनही लागत नाही, ओलं शेवाळ पुरतं.

आणि माळावर चालताना मुलांना रांगेत, उघड्या दगडावरून चालवा. पुढच्या वर्षीचं सगळं बी वरच्या एक-दोन सेंटिमीटर मातीत असतं. वर्गभर बुटांनी तुडवलं की ते चिखलात खोल जातं, आणि इतकं बारीक बी खोलातून उगवत नाही.

आता कुंडी. माळावरून रोप आणायचं नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत (२०११ पासून अभयारण्य आहे) आणि राखीव जंगलात तो गुन्हाच आहे, बाहेरही आणलं तर बहुतेक वेळा मरतं. बियाणं हौशी लोक आपल्याकडे वाढवलेल्या रोपांचं देतात, त्यातलं बर्मनीचं मागा. ती सगळ्यात सोपी.

दहा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची कुंडी घ्या. मातीची नको, तिच्या भिंतीतून क्षार झिरपून साठतात. मिश्रण पीट मॉस एक भाग, धुतलेली सिलिका वाळू एक भाग. पीट मॉस मिळालं नाही तर कोकोपीट, पण त्यात मीठ असतं म्हणून पावसाच्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून पिळून घ्यावं लागतं. नदीच्या वाळूवर थोडं व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, घेऊ नका. शेणखत, गांडूळखत, बागेची माती, काही म्हणजे काही घालायचं नाही. बी पृष्ठभागावर भुरभुरायचं, झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. ऊबेत दोन ते चार आठवड्यांत उगवतं. कुंडी थाळीत ठेवून थाळीत एक-दोन सेंटिमीटर पाणी कायम राखायचं, वरून ओतायचं नाही. दिवसाला चार ते सहा तास थेट ऊन.

पाण्यावरच बहुतेक लोकांचं बिघडतं. बोअरचं पाणी आठ-पंधरा दिवसांत रोप मारतं. क्षारांचं प्रमाण, टीडीएस, ५० पीपीएमच्या खाली हवं. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, आणि खानापुरात ते साठवायला काय अडचण आहे? आरओचं पाणी मीटरनं मोजून बघा, फिल्टर जुना झाला की तेही वर जातं.

पानं हिरवी राहून लांबली आणि लाली आली नाही, तर ऊन कमी पडतंय. चिकाचे थेंब दिसत नसतील तर ऊन कमी, किंवा हवा फार कोरडी, किंवा कोणीतरी वरून पाणी ओतलंय. टोकं काळी पडत मधलं पानही वाळलं तर पाण्यात क्षार आहेत, कुंडी बदलावी लागेल. आणि फुलून, बी धरून रोप वाळलं तर ते नेमाचंच आहे. आपल्याकडे ही रोपं पावसाळ्यापुरती जगतात आणि उरलेलं वर्ष बियांच्या रूपात काढतात. बी झाडून कागदाच्या पुडीत ठेवा, पुढच्या जूनला पेरा. मुलं त्याला मांस, चीज, बिस्किटाचा चुरा घालतील, तेवढं सांभाळा. घराबाहेर ठेवलेलं रोप आपलं पोट आपण भरतं.

माळ सोडून झाडावर जाऊ, कारण तिथली टंचाई वेगळी आहे. फांदीवर ऊन आहे पण माती नाही, म्हणजे पाणी धरून ठेवायला जागा नाही. यावर दोन तोडगे निघाले. सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस ही आमरी (ऑर्किड), नुसती झाडावर बसते, झाडातून काही घेत नाही. तिची जाड पांढरी मुळं निर्जीव पेशींच्या थरात गुंडाळलेली असतात. पाऊस आला की तो थर पाणी शोषतो आणि मूळ हिरवं दिसतं, सुकलं की चंदेरी. वादळात पडलेल्या फांदीवर वेणी मिळाली, वनखात्याच्या हद्दीबाहेर, तर ती फणस-आंब्याच्या खरखरीत खोडावर काथ्यानं घट्ट बांधा, अर्धवट सावलीत, आणि उन्हाळ्यात सकाळी मुळांवर पाणी फवारा. कुंडीत माती घालून लावली की मुळं कुजतात, त्या मुळांना वारा लागतो. बियांपासून घरी होत नाही. बी धुळीसारखं, त्यात साठवलेलं अन्न नसतं, उगवायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. म्हणून रानातली एक वेणी काढली की तिची जागा भरायला फार वर्षं जातात.

दुसरा तोडगा बांडगुळाचा: पाण्याची नळजोडणी थेट झाडातूनच. आपल्या आंब्या-फणसावरचं नेहमीचं बांडगूळ म्हणजे डेंड्रॉप्थी फाल्काटा. फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी त्याची फळं खातो. बी इतकं चिकट की ते अंगावेगळं करायला पक्ष्याला फांदीवर घासावं लागतं, आणि बियाला हवी ती जागा तीच. बी फांदीच्या सालीत शिरून लाकडापर्यंत पोचतं. पानं हिरवी असल्यानं साखर स्वतः करतं, पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे. भर उन्हात आंबा पाणी जपायला पानांची छिद्रं मिटू लागतो, तेव्हाही बांडगूळ बाष्पोत्सर्जन चालूच ठेवतं, म्हणजे ओढ त्याची जास्त. म्हणून बांडगूळ जिथे शिरलं त्या गाठीच्या पुढची फांदी आधी रोडावते आणि उन्हाळ्यात वाळते. गंमत म्हणजे बांडगुळावरही बांडगूळ वाढतं: व्हिस्कम नावाचं, पानं नसलेलं, चपट्या सांध्यांचं. कधी दिसलं तर मुलांना जरूर दाखवा.

काढताना नुसतं बांडगूळ ओढून मोडलं की ते सालीखालच्या उरलेल्या भागातून परत फुटतं, आणि बहुतेक लोक दरवर्षी हेच करत राहतात. गाठीपासून खोडाच्या बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटर मागे जाऊन आंब्याची फांदीच करवतीनं कापा. पाऊस ओसरल्यावर आणि बांडगुळाला फळं धरण्याआधी कापलेलं चांगलं. फळं पिकल्यावर कापलं तर पक्ष्यांनी तोवर बी शेजारच्या झाडांवर पोचवलेलं असतं. मोठ्या खोडावर असेल आणि फांदी कापणं शक्य नसेल तर शिरकाव केलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडून काढा. दोन्ही ठिकाणी जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र ओता, लोखंडी भांडं वापरू नका. तयार पेस्टमध्ये लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. डिझेल ओतणं किंवा तणनाशक टोचणं हे प्रकार ऐकिवात येतात; त्यात आंब्याची फांदीही जाते. पुढची दोन-तीन वर्षं त्या झाडावरून एकदा नजर फिरवा. जंगलातल्या झाडावरचं बांडगूळ मात्र राहू द्या, त्याच्या फुलांवर आणि फळांवर पक्षी जगतात.

जंगलाच्या तळाशी टंचाई आणखी निराळी: वारा कमी, फुलं विरळ, परागकण नेणारं कोणी पाहिजे. तिथे फसवणूक चालते. पहिल्या पावसाबरोबर नागाच्या फणीसारखं फूल काढणारा सापकांदा घ्या. कंद लहान असेल त्या वर्षी बऱ्याच जातींत फक्त नर फुलं येतात, कंद पोसला की मादी फुलं. बी पोसायला साठा लागतो, तो नसेल तर पराग देऊन मोकळं व्हायचं. कुजक्या वासाला भुलून येणाऱ्या बारीक माश्यांना नर फुलाच्या बुडाशी बाहेर पडायला फट असते, मादीला ती नसते. माशी पराग घेऊन नरातून निसटते आणि मादीत अडकून मरते. सुरणाचं फूल रात्री स्वतः तापतं आणि सडक्या मांसाचा वास लांबवर सोडतं. कंदीलपुष्पाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, माशी आत जाते पण केस मऊ पडेपर्यंत बाहेर येत नाही. यांतलं कुठलंही मुलांना चाखू देऊ नका. सापकांद्यात आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, घसा धरतो.

कारवीचा तोडगा वेळेचा आहे. सात वर्षं फुलायचं नाही, मग आख्खा डोंगर एकदम फुलवायचा आणि मरायचं. बी इतकं होतं की खाणारे खाऊन दमतात.

पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीच्या खडकांवर, पाण्याचीच टंचाई. तिथलं माकडशिंग बिनपानाचं, खोडानंच साखर करतं, आणि हवा घेण्याची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा बंद ठेवतं, म्हणजे पाणी कमी उडतं. कुंडीत लावलं तर उन्हाळ्यात पाणी घालण्याच्या हौसेनं कुजतं. माळावरच्या ट्रायपोगॉन गवताचा मार्ग आणखी वेगळा: ते पूर्ण वाळतं, चुरगाळलं तर मोडेल इतकं, आणि पाणी मिळालं की दिवसा-दोन दिवसांत पुन्हा हिरवं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सह्याद्रीत अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. डिसेंबरात माळावर जाल तेव्हा ट्रायपोगॉनच्या एका वाळक्या झुपक्यावर तांब्याभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा.

आता जांभळं फूल आणि टारफुला. आयजिनेशियानं हरितद्रव्यच सोडून दिलं आहे. गवताच्या, बांबूच्या, कधी उसाच्या मुळांना चिकटून सगळं अन्न तिथूनच, त्यामुळे पानाची गरज उरली नाही. वर्षभर जमिनीखाली, पावसाळ्याच्या शेवटी फक्त फूल वर. ते कुंडीत लावायचा विचार सोडा, त्याच्याबरोबर यजमान गवताची मुळंही आणावी लागतील.

टारफुला हिरवा असतो, पण तेवढ्यानं भागत नाही. एका रोपाला हजारोंनी बिया येतात, धुळीसारख्या, आणि जमिनीत दहा-पंधरा वर्षं जिवंत राहतात. कुठेही उगवून चालत नाही, कारण बियातलं अन्न चार-पाच दिवसांपुरतं आणि अंकुर काही मिलिमीटरच पोचतो. म्हणून ते आधी ओल्या, उबदार मातीत आठवडा-दोन आठवडे तयार होऊन थांबतं आणि जोंधळ्याच्या मुळांतून येणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन नावाच्या रसायनाची वाट बघतं. हे रसायन जोंधळा टारफुल्यासाठी सोडत नाही. स्फुरद कमी पडला की मुळं मातीतल्या मित्रबुरशीला बोलावण्यासाठी ते सोडतात, टारफुला ती हाक चोरून ऐकतो. म्हणून हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला जास्त. या गटातल्या रसायनांतलं पहिलं, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये सापडलं ते कापसाच्या मुळांच्या स्रावात, आणि कापसावर टारफुला जगत नाही. भावासाठी उपाय नेमका इथून निघतो.

कापूस, शेंगा (भुईमूग), चवळी, सूर्यफूल यांची मुळं टारफुल्याचं बी उगवायला लावतात, पण त्याला चिकटू देत नाहीत. उगवलेलं बी उपाशी मरतं. जोंधळ्यावर जोंधळा न घेता मध्ये शेंगा किंवा चवळी घ्या, आणि हे तीन-चार वर्षं धरा. एका हंगामात साठा थोडाच कमी होतो. बरेच लोक एका वर्षात सोडतात आणि उपाय खोटा म्हणतात. उसाच्या रानात टारफुला असेल तर खोडव्यावर खोडवा घेणं थांबवा, ऊसही त्याचा यजमान आहे.

जोंधळा घेतलाच तर माती परीक्षण करून स्फुरद पूर्ण द्या आणि नत्र हप्त्यानं द्या, पहिला हप्ता चुकवू नका. टारफुला जमिनीवर दिसतो तोवर पीक चार-सहा आठवडे लुटलं गेलेलं असतं. वाफसा चांगला असूनही ताटं बुटकी, पानं सुकल्यासारखी दिसू लागली तर तेव्हाच संशय घ्या, एखादं ताट मुळासकट काढून मुळं पाण्यात धुऊन बघा. पांढरट कोंब चिकटलेले दिसतील. वर आल्यावर भांगलणीत तो फुलायच्या आत उपटायचा. फूल आलं असेल तर उपटलेल्या रोपातही बी पक्व होतं, बांधावर टाकू नका, पोत्यात भरून नेऊन जाळा. एक भांगलण पुरत नाही, नवी रोपं महिनाभर येत राहतात.

२,४-डी या तणनाशकाच्या फवारणीचा सल्ला मिळेल. मात्रा कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच, आणि अथणीत शेजारी द्राक्षबाग असेल तर वाऱ्याच्या दिवशी मुळीच नाही. द्राक्षाला त्याचा उडता तुषारही सोसत नाही, कापसालाही नाही. तोच पंप बागेला वापरायचा नाही.

बी पसरतं ते वाहत्या पाण्यानं, कुळवाला चिकटलेल्या मातीनं आणि कडब्यानं. जनावराच्या पोटातून गेलं तरी ते जिवंत राहतं, म्हणून टारफुल्याच्या रानातला कडबा खाऊ घातला तर ते शेण चांगलं कुजवल्याशिवाय दुसऱ्या रानात टाकू नये. भावाला कोणत्या पट्ट्यात किती दाट आहे याचा कागदावर साधा नकाशा काढून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी शेंगा त्याच पट्ट्यात आधी घालता येतील, आणि औजारं त्या पट्ट्यात सगळ्यात शेवटी घालायची.